लाल शाईच्या चार नोंदी आणि चौदा वर्षांची नोकरी

पायदळातल्या एका माजी जवानाचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देते. गाव सातारा जिल्ह्यातलं, वय 44. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 2000 साली भरती झाले आणि 2014 साली घरी आले. मधल्या काळात त्यांच्या नावावर लाल शाईच्या चार नोंदी (रेड एंट्री) झाल्या, म्हणजे सेवेच्या नोंदीत लाल शाईने लिहिल्या जाणाऱ्या चार मोठ्या शिक्षा. दोन सुट्टीवरून उशिरा हजर झाल्याच्या, दोन दारूच्या. मग कारणे दाखवा नोटीस आली, क्लार्कने टाईप करून दिलेल्या उत्तरावर त्यांनी सही केली आणि महिन्याभरात बिस्तरा बांधला. गावात सांगितलं, घरच्या अडचणीमुळे स्वतःच नोकरी सोडली. पत्नीला अर्धं माहीत आहे, मुलीला काहीच नाही. मुलगी बारावीत आहे आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकात माजी सैनिकांच्या मुलांसाठी जागा दिसल्यापासून विचारतेय, ‘पप्पा, आपलं कार्ड कुठंय?’ ते लिहितात: ‘अमेरिकेत म्हणे डिस्चार्ज अपग्रेड करून मिळतो. आपल्याकडे होतं का तसं? एक जण चाळीस हजार मागतोय, रेड एंट्री काढून देतो म्हणतो. चूक माझीच होती, त्यामुळे भांडायला तोंड नाही. पण गावातले लोक अजून मेजर म्हणून हाक मारतात, ते ऐकवत नाही. बडतर्फ माणसाला मान परत मिळतो का, ताई?’ सोबत डिस्चार्ज बुकाच्या दोन पानांचे फोटो आहेत.

नमस्कार दादा,

त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. थोडे दिले असतील तर ते गेले असं समजा आणि पुढचे थांबवा. शीट रोलवरची, म्हणजे तुमच्या सेवेच्या नोंदपत्रावरची, नोंद रेकॉर्ड ऑफिसातून कुणी गुपचूप काढून देऊ शकत नाही, आणि समजा कुणी खाडाखोड केलीच तर तो गुन्हा आहे. त्यात पहिलं नाव तुमचं येईल. चाळीस हजारांत चांगल्या वकिलाशी बोलून, कागद काढून, मुंबईला सैनिकांच्या न्यायाधिकरणाकडे चार खेपा होतात.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोंबद्दल. पत्रात तुम्ही स्वतःला पुन्हा पुन्हा बडतर्फ म्हणताय. फोटोत मात्र तसं कुठेच लिहिलेलं नाही. दुसऱ्या पानावर, नोकरी संपण्याचं कारण या रकान्यात, फिकट झालेल्या टायपात ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ (सेवेची आता गरज नाही) असं आहे आणि त्याखाली आर्मी रूल 13(3), तीन (पाच). चारित्र्याच्या रकान्यात ‘फेअर’, म्हणजे ठीकठाक. दादा, ही बडतर्फी नाही. हा डिस्चार्ज आहे. नकोसा, अपमान वाटावा असा, पण डिस्चार्जच. अकरा वर्षं तुम्ही जी शिक्षा भोगताय, ती तुम्हाला कुणी दिलेलीच नाही.

हा फरक नुसता नावाचा नाही, पोटापाण्याचा आहे. 1950 च्या आर्मी ॲक्टखाली जवानाची नोकरी वेगवेगळ्या वाटांनी संपते. कोर्ट मार्शलने किंवा कलम 20 खाली बडतर्फ केलं, तर आधीच्या सगळ्या नोकरीची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी जाते. अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या अधिकारात काही मंजूर होऊ शकतं, तेवढंच. त्याच कलमाखाली सेवेतून काढून टाकलं, तर पेन्शन द्यायची की नाही हे सक्षम अधिकारी ठरवतो. आणि नियम 13 खाली डिस्चार्ज झाला, तर पेन्शन नियमांप्रमाणे जे बसतं त्याचा हक्क शाबूत राहतो. तुम्ही लिहिलंय की घरी आल्यावर काही रक्कम बँकेत जमा झाली होती, बहिणीच्या लग्नात गेली. त्यात फंडाशिवाय ग्रॅच्युइटीही होती का, हे पासबुकात बघा. असेल तर तोही एक पुरावा. बडतर्फ माणसाला ग्रॅच्युइटी मिळत नाही.

तुमचा हा गैरसमज का झाला असेल, याचा अंदाज येतो. ब्रिगेडहून आलेला हुकूम एकदा वाचून दाखवला, सह्या घेतल्या, पाठवून दिलं. त्या दिवशी कुणाचं डोकं ठिकाणावर असतं? मला अशी पत्रं बऱ्याचदा येतात आणि त्यातल्या अनेकांनी आपलं डिस्चार्ज बुक पुन्हा उघडून पाहिलेलं नसतं. ट्रंकेच्या तळाशी, वर्दीच्या खाली ते पडून असतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की आज ते पुस्तक बाहेर काढा आणि कारणाचा रकाना कुणा जाणत्याकडून वाचून घ्या. आर्मी ॲक्टच्या कलम 23 प्रमाणे नोकरी संपलेल्या प्रत्येक जवानाला त्याच्या कमांडिंग ऑफिसरने दाखला द्यायचा असतो. कुणाच्या हुकमाने नोकरी संपली, का संपली आणि एकूण सेवा किती झाली, हे त्यात असावं लागतं. आणि तो इंग्रजीबरोबर जवानाच्या मातृभाषेतही द्यायचा असतो. तुमच्याकडे मराठीतला कागद नाही. तो मागणं हा उपकार मागणं नाही.

अमेरिकेचं तुम्ही विचारलंत, ते खरं आहे. तिथे डिस्चार्जचे दर्जे असतात. सन्मानाचा, साधा, सन्मानाविना, आणि त्याखाली कोर्ट मार्शलने दिलेले दोन. त्यांच्यावर दाद मागायला डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड आहे, तिथे साधारण 15 वर्षांच्या आत अर्ज करता येतो, आणि त्यापुढे लष्करी नोंदी दुरुस्त करणारी वेगळी मंडळं आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी परतले त्या काळात ही व्यवस्था उभी राहिली. व्हिएतनामहून आलेल्या कितीतरी जणांना युद्धाचा मानसिक आघात ओळखला न गेल्यामुळे बेशिस्त ठरवून घरी पाठवलं होतं. 2014 मध्ये तिथले संरक्षणमंत्री चक हेगल यांनी मंडळांना लेखी सूचना दिली की अशा अर्जांकडे उदार नजरेने पाहा. म्हणजे तुम्ही घरी आलात त्याच वर्षी. आपल्याकडे अशी प्रतवारी नाही आणि दर्जा वाढवून देणारं बोर्डही नाही. इथे ज्या हुकमाने नोकरी गेली त्या हुकमालाच आव्हान द्यावं लागतं, किंवा तो हुकूम तसाच ठेवून त्याखाली जे देय आहे ते मागावं लागतं. तुमच्यासमोर या दोन्ही वाटा आहेत आणि त्या वेगळ्या आहेत.

त्याआधी तुमच्या एका वाक्यापाशी थांबते. ‘चूक माझीच होती, त्यामुळे भांडायला तोंड नाही.’ चूक होती, हे तुम्ही मान्य करताय आणि मी ते खोडून काढणार नाही. सुट्टी संपल्यावर न जाणं ही फौजेत लहान गोष्ट नसते. तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी दुहेरी ड्युटी करावी लागली असणार. पण चूक तुमची असली म्हणून तिची शिक्षा देण्याची रीत पाळायची नाही, असा याचा अर्थ होत नाही. आणि ती रीत सैन्याने स्वतःच लिहून ठेवलेली आहे.

लाल शाईच्या चार नोंदी झाल्या की माणूस आपोआप घरी जातो, असं बराकीत सगळे धरून चालतात. तसा नियम नाही. सेना मुख्यालयाच्या 28 डिसेंबर 1988 च्या धोरणपत्रात नेमकं उलटं सांगितलंय. चार नोंदींमुळे डिस्चार्ज बंधनकारक होत नाही. आधी निःपक्ष चौकशी करायची, जवानाला बाजू मांडू द्यायची, प्रत्येक नोंद कशाबद्दल होती ते पाहायचं, त्याची लांब नोकरी, अवघड ठाणी, राहण्याचे हाल लक्षात घ्यायचे. पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी विशेष करून कठोर वागायचं नाही. वीरेंद्र कुमार दुबे नावाच्या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2015 मध्ये याच पत्रावर बोट ठेवलं. त्यांच्याही चार नोंदी होत्या. चौकशी न करता, नुसत्या नोंदी मोजून केलेला डिस्चार्ज न्यायालयाने टिकू दिला नाही. मागचा पगार मिळाला नाही, पण पेन्शनपुरती सेवा पूर्ण झाली असं धरून त्यांना पेन्शनचा हक्क मिळाला.

आता तुमचंच पत्र या नजरेने वाचा. पहिली नोंद 2006 ची. वडील गेले, तेराव्यानंतर भावकीत जमिनीचं निघालं, 19 दिवस उशीर. दुसरी 2009 ची, आईचं ऑपरेशन, 22 दिवस. उरलेल्या दोन 2012 आणि 2013 च्या, दारूच्या, आणि या दोन्ही उंचावरच्या ठाण्यावरून खाली आल्यानंतरच्या. तिथे डोळ्यांदेखत जोडीदार गेला, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. आईच्या ऑपरेशनचे कागद युनिटला दिले होते का? दारू सुरू झाल्यावर कुणी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं का, की दोन्ही वेळा थेट पेशी आणि 28 दिवस कोठडी? नोटिशीआधी कुणी चौकशी केली, तुम्हाला समोर बसवून विचारलं, साक्षीदार बोलावले? तुमच्या लिहिण्यावरून तरी एका दुपारी ऑफिसात बोलावून टाईप केलेल्या उत्तरावर सही घेतली, इतकंच झालं. कागदात चौकशी झालेली दिसली, तर तुमची बाजू बरीच लंगडी पडेल. नाही दिसली, तर तुमच्याकडे खरा मुद्दा आहे.

आणि आता हिशोब, जो तुम्ही केलेलाच नाही. तुमची एकूण नोकरी 14 वर्षं 4 महिने. जवानाला सेवेची पेन्शन लागायला 15 वर्षं लागतात. गैरहजेरीचे 41 दिवस आणि कोठडीतले दिवस पेन्शनच्या सेवेत धरत नाहीत. दोन वेळा 28 धरले तर एकूण 97 दिवस, म्हणजे सव्वातीन महिने वजा. राहिली 14 वर्षं आणि वर थोडे दिवस. तूट एका वर्षाच्या किंचित आत येते. पेन्शन नियमांत ही तूट माफ करण्याची तरतूद आहे. पूर्वी मर्यादा सहा महिन्यांची होती, 2001 च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्राने ती एक वर्षापर्यंत गेली. नियमाप्रमाणे स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला ती लागू होत नाही, आणि तुम्ही स्वतःहून सोडलेली नाही. गावात सांगितलेली गोष्ट इथे खरी असती, तर हा दरवाजा बंद होता.

इथे एकेका दिवसाला किंमत आहे, म्हणून माझ्या बेरजेवर विसंबू नका. शीट रोलवरचे दिवस अधिकृत धरले जातील. त्यात आणखी एखादी गैरहजेरी निघाली तर तूट वर्षावर जाईल आणि मग पहिली वाट, म्हणजे हुकमालाच आव्हान, एवढीच उरेल. शिवाय तूट माफ करणं हा अधिकाऱ्यांचा विवेकाधिकार आहे, आपोआप मिळणारी गोष्ट नाही. ज्याला नकोसा म्हणून काढलं त्याला सवलत कशाला, असंही कुणी म्हणेल. पण अर्जच केला नाही तर नाकारायलाही कुणी नाही.

उशिराबद्दल तुम्हाला अंधारात ठेवत नाही. सशस्त्र सेना न्यायाधिकरणात, ज्याला सगळे एएफटी म्हणतात, अंतिम हुकमापासून सहा महिन्यांत जावं लागतं. तुमची अकरा वर्षं झालीत. सबळ कारण दिलं तर उशीर माफ करता येतो, पण अकरा वर्षांचं कारण नीट मांडावं लागेल: आजारपण, दारू, उपचार, आईचं अंथरूण, आणि कागद न कळणं. पेन्शनचं थोडं वेगळं आहे. दर महिन्याला जी मिळायला हवी ती मिळत नाही, हा चालू राहणारा अन्याय मानला जातो. 2008 च्या तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा मागणीत उशीर आडवा येत नाही, मात्र थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणून माझं मत असं की तुम्ही तुटीच्या माफीचा आणि पेन्शनचा अर्ज पुढे ठेवावा, आणि डिस्चार्जच्या हुकमाची बेकायदेशीर बाजू त्याच अर्जात ठामपणे मांडावी. वकील वेगळं सुचवतील तर त्यांचं ऐका, त्यांच्यासमोर कागद असतील.

नोकरी परत मिळणार नाही. 2014 पासूनचा पगार मिळणार नाही. ‘फेअर’ खोडून तिथे दुसरं काही लिहिलं जाणार नाही. न्यायालयं दर वेळी जवानाच्या बाजूने उभी राहतात असंही नाही. जुलै 2023 मध्ये मदन प्रसाद यांच्या खटल्यात, सुट्टीनंतर 108 दिवस न आलेल्या आणि आधीही असं केलेल्या चालकाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. कारणाचा पुरावा त्यांना दाखवता आला नव्हता. तुमच्या आईच्या ऑपरेशनची फाईल त्या दवाखान्यात असेल तर तिची किंमत आता लक्षात येईल.

सुरुवात माहिती अधिकारापासून करा. तुमच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज लांबलचक लिहू नका. शीट रोलची प्रमाणित प्रत, चारही शिक्षांचे कागद, डिस्चार्जआधी काही चौकशी झाली असल्यास तिची कार्यवाही, कारणे दाखवा नोटीस आणि तुमचं उत्तर, ब्रिगेड कमांडरचा हुकूम, आणि सुटताना झालेल्या मेडिकल बोर्डासकट सगळी वैद्यकीय कागदपत्रं, एवढं मागा. यात टाळाटाळ नको. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं नोकरी संपल्यापासून साधारण 25 वर्षं ठेवून मग नष्ट करतात. तुमची अजून आहेत. 2000 च्या आसपास सुटलेले कुणी हे वाचत असतील तर त्यांच्याकडे वेळ फार थोडा आहे.

कागद आले की आधी रेकॉर्ड ऑफिसकडे आणि त्यामार्फत सेना मुख्यालयाकडे लेखी अर्ज. थेट न्यायाधिकरणात गेलात तर आधी वरिष्ठांकडे दाद का मागितली नाही, असं विचारतील. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, किंवा नकार आला, तर पुढची वाट मोकळी. एएफटीचं खंडपीठ मुंबईत आहे, आणि सेवेतून गेलेला माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो, त्यामुळे दिल्लीला किंवा जुन्या युनिटच्या गावी जायची गरज नाही. वकील परवडत नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील मोफत मिळतो, आणि ही मदत न्यायाधिकरणापुढच्या कामालाही लागू आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा. कार्ड नाही म्हणून आजवर त्या पायऱ्या चढला नाहीत, हे समजू शकते. पण तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक असतात. तुमच्यासारखा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिलेला नसेल.

वकिलाला भेटताना कोर्ट मार्शल शब्द उगाच वापरू नका, तुमचं झालेलं नाही. ज्यांचं खरंच समरी कोर्ट मार्शल (कमांडिंग ऑफिसरनेच चालवलेला झटपट लष्करी खटला) होऊन बडतर्फी झालीय, त्यांच्यासाठी मुद्दे वेगळे आहेत आणि ते इथेच लिहिते, कारण अशीही पत्रं आहेत. आरोप कळवल्यापासून खटला उभा राहीपर्यंत किमान 96 तास गेले पाहिजेत, सक्रिय सेवेवर असल्यास 24. ए. के. पांडे खटल्यात 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे 96 तास बंधनकारक ठरवले. गुन्हा कबूल केला असं लिहिलं असेल, तर त्या कबुलीचा परिणाम काय हे समजावून सांगितलं होतं का, तेही बघावं लागतं. आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अवाजवी असू नये. रणजित ठाकूर हे सिग्नल रेजिमेंटमधले जवान. वरिष्ठांकडे थेट तक्रार पाठवली म्हणून आधीच 28 दिवसांची शिक्षा भोगत होते. तिथे सुभेदाराने जेवायचा हुकूम दिला आणि त्यांनी जेवायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी समरी कोर्ट मार्शल, एक वर्ष कैद आणि बडतर्फी, आणि पुढे सरकारी नोकरीला नालायक असा शेरा. ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती तेच अधिकारी न्याय द्यायला बसले होते. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं रद्द केलं. जेवणाचं ताट नाकारल्याबद्दल एवढी शिक्षा विवेकाला धक्का देणारी आहे, असा तो निकाल, आणि आजही वकील त्याचा आधार घेतात. जवान हयात नसेल तर त्याची पत्नी किंवा वारसही न्यायाधिकरणात जाऊ शकतात. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत, न्यायाधिकरण मात्र तेच.

दादा, दारू सुटून चार वर्षं झाली असं तुम्ही लिहिलंत, आणि तेही कंसात, सहज. ही चार वर्षं मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटली. अर्जात ती लिहा. कुठे उपचार घेतले असतील तर त्याचा कागद जोडा. पण हे सगळे जुने कागद पुन्हा वाचताना त्रास होणार आहे. 2012 च्या पानावर त्या ठाण्याचं नाव दिसेल. त्या रात्री एकटे बसू नका. झोप उडाली, जुनं डोळ्यांसमोर यायला लागलं, हात बाटलीकडे जातोय असं वाटलं, तर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, तिथे दारू सोडून चार वर्षं झालेल्या माणसालाही आधार मिळतो.

मुलीबद्दल. आज तिच्या फॉर्मवर माजी सैनिकाची मुलगी या रकान्यात खूण करू नका, कुणी दाखला आणून देतो म्हणालं तरी नाही. शिस्तीच्या कारणावरून, पेन्शनशिवाय सुटलेला जवान आजच्या व्याख्येत माजी सैनिक धरला जात नाही. खोट्या दाखल्यावर मिळालेला प्रवेश दुसऱ्या वर्षीही रद्द होतो आणि भोगावं लागतं तिला. पेन्शन मंजूर झाली तर कार्डाचा प्रश्न पुन्हा उघडेल, पण तो या वर्षीच्या प्रवेशात सुटणार नाही. म्हणून तिला आत्ताच सांगावं लागेल.

पत्नीला आधी सांगा, पूर्ण. तिला अर्धं माहीत आहे असं तुम्ही म्हणता, पण चौदा वर्षं नवरा फौजेत असलेल्या बाईला अर्धंच माहीत असतं यावर माझा विश्वास नाही. ती गप्प आहे, तुमच्यासाठी. मग दोघांनी मिळून मुलीला जवळ बसवा. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. ‘मला पेन्शन मिळाली नाही कारण माझ्या हातून चुका झाल्या, त्यातल्या दोन दारूच्या होत्या, आणि मला काढण्याची रीतही बरोबर नव्हती असं वाटतं म्हणून मी अर्ज करणार आहे.’ एवढं पुरे. ती चिडेल कदाचित, दोन दिवस बोलणार नाही. गेली चार वर्षं तिने तुम्हाला रोज संध्याकाळी शुद्धीत घरी येताना पाहिलंय, हेही तिला माहीत आहे. मुलांना हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं.

गावाला काही सांगायची गरज नाही, निदान आत्ता. आणि लोक मेजर म्हणतात त्याचं म्हणाल, तर ते तुमच्या डिस्चार्ज बुकाकडे बघून म्हणत नाहीत. तुम्ही चौदा वर्षं फौजेत होतात हे खरंच आहे. त्या हाकेला ओ देण्यात तुम्ही कुणाला फसवत नाही. मान कागदाने परत मिळेल का, हे मी सांगू शकत नाही. कागदाने पेन्शन मिळू शकते, आईच्या औषधांचा खर्च निघू शकतो, आणि तुम्हाला बडतर्फ केलं नव्हतं हे अधिकृतपणे कळू शकतं. ते मागायला तुम्हाला तोंड आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यातच पाठवा, स्पीड पोस्टाने, आणि पावती डिस्चार्ज बुकातच ठेवा. शीट रोल आला की गैरहजेरीचे आणि कोठडीचे दिवस मोजा आणि ब्रिगेडच्या हुकमाआधी चौकशीचा एखादा कागद आहे का ते पाहा. या दोन गोष्टी मला कळवा, नाव, नंबर, युनिट काही नको. पुढच्या अर्जाचा मसुदा कसा असावा ते मग लिहिते.